ओडमुनच्या भिंतीवरचा चार्जर

ओडमुनची गाडी गेली, पण तिचा चार्जर भिंतीवरच राहिला.

गाडी गेली ती डोळ्यांपायी. आल्ता शहरातल्या डॉक्टरने डोळे तपासले, पुन्हा तपासले आणि मग सांगितलं की यापुढे गाडी चालवायची नाही. हे ज्याला सांगितलं, त्या माणसाने उभा जन्म आमच्या खाडीकाठच्या रस्त्यावर बर्फ सारायची गाडी चालवली होती. आम्ही सकाळी उठायच्या आत त्याने रस्ता मोकळा केलेला असायचा. निवृत्त झाल्यावर मुलाच्या आग्रहाने त्याने विजेची गाडी घेतली, आणि वर्षभर तिला नावं ठेवून झाल्यावर ती त्याला आवडायलाही लागली होती. डॉक्टरचा निकाल कळल्यावर मुलगा, स्टाइनार, दूर दक्षिणेतल्या स्टावांगरहून विमानाने आला, फोनवरूनच गिऱ्हाईक बघितलं, शनिवार-रविवारात गाडी विकली आणि परत गेला. चार्जर काढायला इलेक्ट्रिशियन लागतो, आणि आमच्याकडे इलेक्ट्रिशियन बोलावला की तो येईल तेव्हा खरा. म्हणून चार्जर राहिला.

ओडमुनचं घर गावापासून बरंच लांब आहे. रस्ता खाडीला वळसा घालतो तिथे, एकटंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावातली चर्च मी सांभाळते. किल्ल्या, घंटा, दिवे, दफनभूमीतल्या वाटांवरचा बर्फ, सगळं माझ्याकडे. ज्या रविवारी प्रार्थना असते त्या रविवारी ओडमुनला घेऊन यायचं, आणि नंतर कॉफी झाली की परत सोडायचं, हे मी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यामुळे ही गोष्ट मला माहीत आहे. अर्धी त्याने सांगितलेली, अर्धी योरुनने; ती पुढे येईलच.

गाडी विकल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, भर दुपारी काळोख असतो त्या दिवसांत, त्याच्या दारावर थाप पडली. बाहेर एक तरुण बाप. गाडीत बायको आणि लहान मूल. घरून निघताना बॅटरी भरपूर दिसत होती, पण थंडी इतकी पडली, वारा समोरून आला, आणि हीटर चालू ठेवल्याशिवाय मुलाला गाडीत ठेवता येईना. शेवटी हीटर बंद करून सगळ्यांनी टोप्या-हातमोजे चढवले होते, तरी बोटीच्या धक्क्यापर्यंत गाडी पोचेल याची खात्री नव्हती. ओडमुनने केबल लावून दिली. मूल लहान, म्हणून तिघं घरात आले. उकडलेले बटाटे आणि कॉड मासा खाल्ला. मुलाने फरशीवर बसून भांडी बडवली. गाडी पुरेशी भरल्यावर ते गेले.

ही हकिगत ओडमुनने प्रार्थनेनंतरच्या कॉफीला सांगितली, आणि पुढच्या खेपेला पुन्हा सांगितली. मी म्हटलं, लोक आपल्या घरचे चार्जर फोनवरच्या नकाशात टाकतात, तुझाही टाकू या. त्याने होकारार्थी मान हलवली. दर काय लावायचा विचारलं तर म्हणाला, "दर कसला? वीज काय माझी आहे? डोंगरातल्या पाण्याची आहे." मी तसंच लिहिलं : फुकट, कॉफी मिळेल.

लोक यायला लागले. आमच्या त्या रस्त्यावर दुसरी सोयच नव्हती. धक्क्यावर एक जलद चार्जर होता, तो बहुतेक वेळ बंद पडलेला. ओडमुनने चार्जरसमोरची जागा फावड्याने खरवडून घासून स्वच्छ केली, वर एक दिवा लावला. पाहुण्यांसाठी नवे टॉवेल घेतले. त्यांतला एक कधी वापरला गेला, तर तो मला आठवणीने सांगायचा.

पण बहुतेक लोक गाडीतच बसून राहत. गाडी चार्ज होत असताना आत ऊब असते, सीट गरम होते, फोन असतो. त्यांना कशाला कोणाच्या स्वयंपाकघरात जायचं असेल? ते केबल लावायचे, खिडकीत उभ्या ओडमुनला हात करायचे आणि काच वर करायचे. त्याला आतून त्यांचे चेहरे दिसत नसत. डोळे तसे राहिलेच नव्हते. काचेमागे फोनचा निळसर उजेड तेवढा दिसायचा. तो उजेड विझला की केबल काढल्याचा आवाज यायचा, मग चाकांखाली बर्फ करकरायचा. जाताना कोणीकोणी पुन्हा हात करत असेल, त्याला कळायचं नाही.

योरुन आली ती फेब्रुवारीत, सूर्य पुन्हा डोंगरावर डोकावायला लागला तेव्हा. ती चर्चमधल्या ऑर्गनचे सूर लावते. आल्तापासून थेट पूर्वेच्या टोकापर्यंत खाडीखाडीला एक चर्च आहे आणि चर्चचर्चला नळ्यांचा ऑर्गन आहे, आणि त्या सगळ्यांना थंडीने, हीटरने, उंदरांनी काही ना काही झालेलं असतं. बाई पन्नाशी ओलांडलेली, उंच, कमी बोलणारी, एकटी राहणारी. तिची गाडी जुनी आणि लहान. जलद चार्जिंगचं तिचं सॉकेट जुन्या पद्धतीचं, त्यामुळे चार्जिंगच्या नव्या खांबांवर कित्येकदा बसायचंच नाही. ओडमुनकडे केबल लावली की दीड-दोन तासांत पुढच्या मुक्कामापुरती वीज भरायची.

तिने दार वाजवून विचारलं की कॉफी मिळेल असं लिहिलंय ते खरं आहे का.

त्या दिवसापासून ती महिन्या-दीड महिन्याने येत राहिली. दोघांचं फार बोलणं व्हायचं असं नाही. ती टेबलाशी बसून विणकाम काढायची, तो मासे साफ करायचा नाहीतर रेडिओवरचं हवामान ऐकायचा. एकदा तिने सांगितलं की त्याचा फ्रिज ज्या सुरात गुणगुणतो तो किंचित उतरलेला आहे. हे ऐकून ओडमुन इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. पुढे कित्येक दिवस मला सांगायचा, फ्रिजसुद्धा बेसूर निघाला बघ. बायको गेल्यापासून त्याला असं हसताना मी बघितलं नव्हतं.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी एकदा ती आली असताना त्याने वॅफल्स करायला घेतले. वॅफलचं यंत्र, विजेची शेगडी, भिंतीवरचे हीटर आणि बाहेर चार्जर, सगळं एकदम चालू. फ्यूज उडाला. दोघं काळोखात. ओडमुनला त्या घरातली प्रत्येक तार ठाऊक होती. तो बाहेर गेला आणि चार्जरचं झाकण उघडून आतलं बटण फिरवून करंट कमी केला. इलेक्ट्रिशियनने बसवताना ते दाखवून ठेवलं होतं. घरात उजेड आला, वॅफल झाले. त्यांवर तपकिरी चीज आणि डोंगरातल्या पिवळ्या बेरींचा मुरंबा घालून दोघांनी खाल्ले. आणि चार्जिंग हळू झाल्यामुळे योरुन संध्याकाळपर्यंत राहिली. त्यांनी पत्ते खेळले. तिने विणलेलं अर्धं उसवून पुन्हा विणलं. जेवण झाल्यावर ती गेली.

पुढच्या वेळी फ्यूज उडाला नव्हता. यायचा दिवस ती आधी कळवायची; तिची गाडी वळणावर दिसली, म्हणजे दिवे दिसले, तसा तो कोट चढवून बाहेर गेला आणि बटण फिरवून ठेवलं.

त्यानंतर दर वेळी तो हेच करत गेला. इतरांसाठी नाही, फक्त तिच्यासाठी. ती येण्याआधी कमी करायचा, गेल्यावर पुन्हा होतं तिथे आणायचा. दोन तासांचं काम पाच-सहा तासांवर गेलं. योरुन मधूनच खिडकीतून बघायची, उठून गाडीत जाऊन आकडे बघून यायची आणि काही न बोलता पुन्हा विणायला घ्यायची. ओडमुनला वाटायचं, तिलाही बरंच वाटत असेल. त्याने मला नंतर हे सांगितलं तेव्हा म्हणाला, मी मला तसं सांगत होतो.

नाताळ झाला, नवीन वर्ष झालं. जानेवारीच्या अखेरीस ती आली ती थकलेली. केबल लावून आत आली, हातमोजे काढले आणि विणकाम न काढता नुसतीच बसली. ओडमुनने माशाच्या टिक्क्या करायला घेतल्या होत्या. ती म्हणाली की पूर्वेकडच्या दोन चर्च तिने सोडल्या. त्याने विचारलं का. गाडीमुळे, ती म्हणाली. गाडीतला चार्जिंगचा भाग गेलाय बहुतेक. घरी ती रात्रभर साध्या सॉकेटला लावून ठेवते, त्यामुळे तिथे काही कळत नाही, पण इथे पूर्वी दोन तासांत व्हायचं ते आता होत नाही. गॅरेजमध्ये दोनदा दाखवली. त्यांना काही सापडलं नाही. म्हणाले, जुनी गाडी आहे, थंडी आहे, एक दिवस अर्ध्या वाटेत बंद पडेल, विकून टाका. पण या वयात नवी गाडी घेऊन हिंडण्यापेक्षा कामच कमी करावं असं तिच्या मनात होतं. या बाजूला बहुधा आता येणं होणार नाही.

ओडमुनने शेगडी बंद केली. तो पाठमोराच उभा होता.

"गाडीला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

"तुला काय माहीत?"

"करंट मी कमी करतो. तू यायच्या आधी."

त्याला वाटलं तिला समजलं नाही, म्हणून तो झाकण, आतलं बटण, ते कसं फिरवायचं, सगळं सांगायला लागला.

"ते कळलं मला," ती म्हणाली. "का, ते सांग."

याचं उत्तर त्याने तोवर स्वतःलाही दिलेलं नव्हतं. हात फडक्याला पुसत तो म्हणाला, "तू लवकर जातेस."

मग योरुनने सांगितलं, आवाज न चढवता, की नाताळला ती पूर्वेकडे वाड्सोला बहिणीकडे जाणार होती. दर वर्षी जाते. या वर्षी गेली नाही. वाटेत गाडीने दगा दिला तर त्या डोंगरावर कोण येणार, म्हणून. नाताळच्या संध्याकाळी ती एकटी घरी बसली होती, आणि बहीण तिकडे एकटी.

"थांब म्हणायचं होतंस," ती म्हणाली.

"थांबली असतीस?"

"माहीत नाही. पण ते तू विचारायचं असतं, ओडमुन. गाडीकडून करवून घ्यायचं नसतं."

तिने हातमोजे घातले, टोपी घातली आणि बाहेर जाऊन गाडीत बसली. थोड्या वेळाने तोही बाहेर गेला, झाकण उघडलं, बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि झाकण लावून आत आला. गाडीकडे त्याने बघितलं नाही.

निघायचं म्हटलं तरी तिला निघता येत नव्हतं. गाडीत तेवढी वीजच नव्हती. पूर्ण करंटवरसुद्धा दीड तास तरी लागणार होता. तो दीड तास ती अंगणात, काचेमागे, इतरांसारखी बसून राहिली. ओडमुनने स्वयंपाकघरातला दिवा मालवला, म्हणजे तो खिडकीशी बसलाय हे तिला दिसू नये. टिक्क्या त्याने डब्यात भरल्या, डबा हातात घेऊन दारापर्यंत गेला, आणि परत आणून टेबलावर ठेवला. शेवटी ती उतरली. तिने केबल काढली, नीट गुंडाळून खिळ्याला अडकवली आणि गेली. तिने हात केला असेल तर तो त्याला दिसला नाही.

पुढच्या रविवारी गाडीत बसता बसता त्याने मला नकाशातून नाव काढायला सांगितलं. मी कारण विचारलं नाही. त्याने ते उन्हाळ्यात सांगितलं, ते बोटीच्या धक्क्यावर आम्ही बसची वाट बघत असताना, आणि सांगून झाल्यावर माझ्याकडे असं बघितलं जणू मी आता त्याला रागावणार आहे. मी इतकंच म्हटलं की तू तिला फोन कर. तो म्हणाला, फोन करून काय बोलू.

तसंही त्याच्या चार्जरची आता कोणाला गरज उरली नव्हती. दुकानामागे चार्जिंगचे चार नवे उंच खांब उभे राहिले. तिथे गाडी लावायची, दुकानात एक सॉसेज खायचं, तेवढ्यात निघण्यापुरती भरलेली असते. वळणावरून गाड्या जातात त्या आता वेग कमी न करता. ओडमुनने दिवा काढला. उन्हाळ्यात दिवा नाहीतरी लागत नाही, पण रात्री काळोख्या व्हायला लागल्या तरी त्याने तो परत लावला नाही. स्टाइनार दर रविवारी फोन करायचा आणि विचारायचा की तब्येत कशी आहे. तब्येत चांगली असायची.

ऑक्टोबरात आमच्या ऑर्गनचे सूर लावायची वेळ आली. त्याच आठवड्यात मी घंटेच्या जिन्यावर घसरून मनगट मोडून घेतलं होतं. सूर लावणारा माणूस आत नळ्यांमध्ये शिडीवर असतो, म्हणून बाहेर कोणीतरी बसून एकेक पट्टी दाबून धरावी लागते. दर वर्षी ते काम मी करते. योरुनचा फोन आला तेव्हा मी तिला हात मोडल्याचं सांगितलं. गावात दिवसा मोकळं असं कोणी नव्हतं. तरुण सगळे मासळीच्या कारखान्यात, म्हातारे कानाला यंत्र लावलेले. मग मी एक नाव घेतलं.

"ऐकू येतं का त्याला नीट?" तिने विचारलं.

"डोळे गेलेत. कान आहेत."

"मग सांग त्याला. सकाळी लवकर ये म्हणावं, दिवसभराचं काम आहे."

ओडमुनला सांगितलं तर तो आधी नाही म्हणाला, मग कोणता शर्ट घालून यायचा ते विचारलं.

मी गळ्यात हात अडकवून मागच्या बाकावर बसले होते. दोघांनी एकमेकांना गुड मॉर्निंग केलं आणि ती नळ्यांमागे दिसेनाशी झाली. तो पट्ट्यांसमोर बसला. ती आतून म्हणायची, "पुढची." तो पुढची पट्टी दाबून धरायचा. सूर सुरुवातीला दोन असल्यासारखा थरथरायचा, आतून ती कसलासा ठोका द्यायची, थरथर मंद होत जायची आणि सूर एक व्हायचा. मग पुन्हा, "पुढची." दुपारी आम्ही तिघांनी आपापले डबे खाल्ले. बोलणं झालं ते नळ्यांत शिरलेल्या उंदराबद्दल. ओडमुन एकदाही चुकला नाही. कुठल्या पट्टीवर आहोत ते तो बोटांनी मोजत होता, बघून काही उपयोग नव्हताच.

काम संपलं तेव्हा बाहेर काळोख पडला होता. मला एका हाताने गाडी चालवता येत नव्हती, बस निघून गेली होती, तेव्हा त्याला सोडायला योरुन गेली.

नंतर त्याने फोनवर सांगितलं त्यावरून मला कळलं. तिने गाडी बदलली होती. जुनी गाडी ठीक होती तरी तिच्यावर विश्वास बसेना, म्हणून बहिणीने जोर करून नवीन घ्यायला लावली. नवी गाडी एकदा भरली की आल्ताहून निघून आमच्याकडे येऊन, काम करून परत जाते, तरी थोडी शिल्लक उरते. ओडमुनने विचारलं, मधे कुठे लावावी लागते का. ती म्हणाली, "हिला कुठे थांबावं लागत नाही." तो म्हणाला, चांगलं आहे. फाटकाशी गाडी उभी राहिली तेव्हा त्याने विचारलं. त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, त्याने या वेळी विचारलं. आत ये म्हणाला, कॉफी टाकतो.

ती म्हणाली की आज नको, खूप लांब जायचंय, आणि डोंगरावर बर्फ पडायच्या आत पोचायचंय. ते खरंही होतं. ती नाराज वाटली नाही आणि खूशही वाटली नाही असं त्याने सांगितलं. उतरताना तिने त्याला सांभाळून उतर म्हटलं, तिथे निसरडं आहे. तो दार लावून बाजूला उभा राहिला. या नव्या गाडीचा आवाज अजिबात येत नाही, त्यामुळे ती नक्की कधी गेली ते त्याला समजलं नाही. थोडा वेळ तो तिथेच उभा होता. मग आत गेला, दोन बटाटे उकडले, एक खाल्ला.

मी विचारलं, दमलास का. नाही म्हणाला. ऑर्गन कसा वाटला विचारलं, तर म्हणाला, छान लागलाय, पुढचा रविवार येऊ दे. पण फोन काही ठेवेना. मी वाट बघितली.

"तुझा हात कधी बरा होणार?" त्याने विचारलं.

डॉक्टर म्हणाला नाताळपर्यंत होईल, मी सांगितलं. पुढच्या ऑक्टोबरात पट्ट्या दाबायला मीच असेन.

"घाई करू नकोस," ओडमुन म्हणाला. "हाड आहे ते. नीट जुळू दे."